गुठळी दाखवणारी अँटिबॉडी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

रक्ताच्या गुठळीला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिच्यावर किरणोत्सारी अणू बसवायचा, ती शिरेतून टोचायची आणि गॅमा कॅमेऱ्याखाली गुठळी कुठे आहे ते पाहायचं. या तपासणीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. विद्यार्थी, तंत्रज्ञ, डॉक्टर, रुग्णांचे नातेवाईक अशा सगळ्यांनीच लिहिलंय, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत आणि काही चार ओळींत आटोपली आहेत.

प्रश्न: गुठळीतलं फायब्रिन (तिची जाळी विणणारं प्रथिन) हे फायब्रिनोजेनपासूनच तयार होतं आणि फायब्रिनोजेन तर रक्तात भरपूर असतं. मग अँटिबॉडी वाटेतच त्याला चिकटून का बसत नाही? (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर: तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. या पद्धतीची सुरुवातीची कित्येक वर्षं याच अडचणीत गेली. लिटरभर प्लाझ्मात २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन असतं. म्हणजे तीन लिटर प्लाझ्मात सुमारे नऊ ग्रॅम. टोचलेली अँटिबॉडी असते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. तिला फायब्रिनोजेनची थोडीशी जरी ओढ असली, तरी ती गुठळीपर्यंत पोहोचण्याआधीच संपते.

सुटका होते ती थ्रॉम्बिन या गुठळी बनवणाऱ्या एन्झाइमच्या कात्रीमुळे. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनच्या बीटा साखळीच्या टोकाचा १४ अमिनो आम्लांचा तुकडा कापून टाकतं आणि मागे एक नवं टोक उघडं पडतं: ग्लायसिन, हिस्टिडिन, आर्जिनिन, प्रोलिन, ल्युसिन, अस्पार्टिक आम्ल, लायसिन. हेच सात मणी फायब्रिनोजेनमध्येही असतात, पण तिथे ते साखळीच्या मध्ये अडकलेले असतात, मोकळं टोक नसतं. हुई, हेबर आणि मात्सुएदा यांनी १९८३ मध्ये हा सात मण्यांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवला आणि उंदरांना टोचून त्याविरुद्ध मोनोक्लोनल अँटिबॉडी मिळवल्या. त्या मानवी फायब्रिनला धरत होत्या, फायब्रिनोजेनला नाही. ‘५९डी८’ ही त्याच घराण्यातली.

दुसरी वाट डी-डायमरची, म्हणजे टाक्याने जोडलेल्या फायब्रिनच्या तुकड्याची. रक्तातला फॅक्टर तेरा फायब्रिनच्या शेजारशेजारच्या रेणूंना टाके घालतो. त्या टाक्याच्या जागेला ओळखणारी ‘३बी६’ ही अँटिबॉडी फायब्रिनोजेनकडे ढुंकूनही पाहत नाही. तिचं मानवीकरण केलेलं तुकडारूप, टेक्नेशियम लावून, ‘थ्रॉम्बोव्ह्यू’ या नावाने रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं होतं. इथली मेख वेगळी आहे. गुठळी विरघळताना डी-डायमर रक्तातही सुटतं. मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम डी-डायमर धरलं, तर ते सुमारे पाच नॅनोमोलर होतं. अर्धा मिलिग्रॅम फॅब (अँटिबॉडीचा कापून काढलेला एक हात) तीन लिटर प्लाझ्मात पसरला की होतो तीन-साडेतीन नॅनोमोलर. म्हणजे तरंगणारं आमिष संख्येने अँटिबॉडीला भारी पडू शकतं. म्हणूनच अशा अँटिबॉडीची निवड करताना ती डी-डायमरला धरते का एवढं पाहून भागत नाही. सुट्या डी-डायमरपेक्षा घट्ट विणलेल्या फायब्रिनला ती किती जास्त घट्ट धरते, हे पाहावं लागतं.

प्रश्न: पोटरीतली गुठळी दिसते, पण फुफ्फुसात गेलेली दिसत नाही, असं वाचलं. अँटिबॉडी तीच, गुठळीही तीच. मग फरक कुठे पडतो? (न्यूक्लिअर मेडिसिनचा प्रशिक्षणार्थी)

उत्तर: कॅमेऱ्याला गुठळी आणि तिच्यापुढचं-मागचं रक्त वेगवेगळं दिसत नाही. एका ओळीत येणारं सगळं तो एकत्र मोजतो. कागदावर आकडे मांडले की उलगडा होतो.

कॅमेऱ्यापासून दहा सेंटिमीटर खोलीवर साधारण एक सेंटिमीटरपेक्षा बारीक तपशील दिसत नाही. म्हणून एक चौरस सेंटिमीटरचा खांब कल्पा. त्यात अर्धा सेंटिमीटर रुंद, अर्धा सेंटिमीटर जाड गुठळीचा एक सेंटिमीटर लांबीचा भाग येतो: पाव मिलिलिटर. गुठळीतली मात्रा रक्ताच्या चौपट धरू. म्हणजे या तुकड्याचा उजेड एक मिलिलिटर रक्ताइतका.

आता पोटरी घ्या. दहा सेंटिमीटर जाड, त्यात रक्त सुमारे चार टक्के. खांबात रक्त ०.४ मिलिलिटर. गुठळी धरून झाले १.४, म्हणजे बाजूच्या भागाच्या साडेतीनपट. कुणालाही दिसेल.

छातीच्या मध्यावर तोच खांब हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांतून जातो. दहा मिलिलिटर निव्वळ रक्त. गुठळीने त्यातलं पाव मिलिलिटर रक्त बाजूला सारलं आणि एक मिलिलिटरचा उजेड घातला: १०.७५. वाढ साडेसात टक्के. श्वासाने आणि ठोक्याने हलणाऱ्या चित्रात ती शोधणं म्हणजे दुपारी काजवा शोधण्यासारखं.

रक्तातली मात्रा चौथ्या हिश्शावर येईपर्यंत थांबलात आणि गुठळीने आपला वाटा सोडला नाही, तर छातीत ही वाढ सुमारे ३८ टक्क्यांवर जाते. म्हणजे कळीचा प्रश्न गुठळी किती उजळली हा नाहीच, भोवतालचं रक्त किती लवकर मावळलं हा आहे. अँटिबॉडीचा आकार, आयसोटोपची निवड, चित्र घेण्याची वेळ, हे सगळे निर्णय याच एका शर्यतीतून निघतात. आडव्या छेदांची स्पेक्ट तपासणी पुढचं-मागचं रक्त वेगळं काढते, म्हणून छातीसाठी सपाट चित्रावर विसंबू नये. वरच्या हिशेबात ऊतींमध्ये झिरपलेली अँटिबॉडी धरलेली नाही, ती धरली तर पोटरीचा आकडाही थोडा उतरेल.

प्रश्न: संपूर्ण आयजीजी वापरावी की फॅब तुकडा? आणि त्याच्यावर कोणता आयसोटोप बसवावा? (एम. फार्म.चा विद्यार्थी)

उत्तर: मागच्या उत्तरातली शर्यत डोक्यात ठेवा, निम्मं उत्तर तिथेच आहे. आयजीजी, म्हणजे पूर्ण अँटिबॉडी, १५० किलोडाल्टनची. ती रक्तात दिवसचे दिवस रेंगाळते. तिचा एफसी हा बुडखा यकृताला आणि प्रतिकारशक्तीला हाक मारतो. पेप्सिनने बुडखा उडवला की दोन हातांचा सुमारे १०० किलोडाल्टनचा तुकडा उरतो. पपेनने कापलं की एकेका हाताचा ५० किलोडाल्टनचा फॅब मिळतो. फॅब मूत्रपिंडातून काही तासांत गळतो, रक्त लवकर स्वच्छ होतं. बदल्यात एक हात गेल्याने पकड सैलावते आणि मूत्रपिंडं झगझगीत दिसतात. पायांच्या तपासणीत त्याने काही बिघडत नाही.

आयसोटोपचं घड्याळ अँटिबॉडीच्या घड्याळाशी जुळलं पाहिजे. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य सहा तास, किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅमा कॅमेऱ्याच्या अगदी मापाची. फॅबशी त्याची जोडी जमते. आयजीजीवर टेक्नेशियम बसवणं म्हणजे वरातीमागून घोडं: रक्त स्वच्छ होईपर्यंत किरणं संपलेली असतात. तिच्यासाठी २.८ दिवसांचं इंडियम-१११, किंवा पेट कॅमेरा असेल तर सव्वातीन दिवसांचं झिर्कोनियम-८९. लहान पेप्टाइड आणि १५ किलोडाल्टनच्या नॅनोबॉडी यांच्यासाठी ११० मिनिटांचं फ्लोरिन-१८ किंवा ६८ मिनिटांचं गॅलियम-६८ पुरतं. आयोडीन बसवायला सगळ्यांत सोपं, पण शरीरातली एन्झाइमं ते टायरोसिनवरून उतरवतात आणि ते थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. आधी पोटॅशियम आयोडाइड देऊन थायरॉइड भरून ठेवावा लागतो.

मात्रेबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करू. चित्र फिकं आलं की अँटिबॉडी वाढवावीशी वाटते. ७४० मेगाबेकरेल, म्हणजे २० मिलिक्युरी टेक्नेशियममध्ये अणू असतात सुमारे ३८ पिकोमोल, वजनाने चार नॅनोग्रॅमही नाही. अर्धा मिलिग्रॅम फॅब म्हणजे १० नॅनोमोल. दर अडीचशे-एक फॅब रेणूंत एकावर अणू बसलेला असतो, बाकीचे रिकाम्या हाताने फिरतात. अँटिबॉडी वाढवलीत की रिकामे वाढतात आणि लहान गुठळीवरच्या मोजक्या जागा तेच अडवून बसतात.

प्रश्न: आम्ही टेक्नेशियम-फॅब तयार केलं. सलाइनमध्ये चालवलेल्या स्ट्रिपवर ९७ टक्के शुद्धता आली. पण चित्रात यकृत आणि प्लीहा भरून आले, पाय मात्र कोरे. चूक कुठे झाली? (रेडिओफार्मसीतला तंत्रज्ञ)

उत्तर: तुमच्या स्ट्रिपने खोटं सांगितलं नाही, अर्धंच सांगितलं. सलाइन किंवा अॅसिटोनमध्ये सिलिका जेलच्या स्ट्रिपवर सुटं परटेक्नेटेट (फॅबला न लागलेलं टेक्नेशियम) वर पळतं आणि प्रथिन मुळाशी थांबतं. पण क्षपण होऊन पाण्यात फुटलेलं टेक्नेशियम, म्हणजे कोलॉइड, तेही मुळाशीच थांबतं. तुमच्या ९७ टक्क्यांत फॅब किती आणि कोलॉइड किती, हे त्या स्ट्रिपला सांगताच येत नाही. कोलॉइड शरीरात गेलं की यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते गिळतात, आणि तुम्हाला मिळतो छानपैकी लिव्हर स्कॅन.

दुसरी स्ट्रिप हवीच. मानवी अल्ब्युमिनच्या द्रावणात भिजवून वाळवलेली सिलिका जेल स्ट्रिप घ्या. इथेनॉल, अमोनिया आणि पाणी २:१:५ या प्रमाणात घेऊन त्यात ती चालवा. इथे प्रथिनाला चिकटलेलं टेक्नेशियम द्रावणाबरोबर वर जातं आणि कोलॉइड मुळाशी राहतं. पहिल्या स्ट्रिपवरून सुटं परटेक्नेटेट, दुसरीवरून कोलॉइड. दोन्ही शंभरातून वजा करून उरेल ती खरी शुद्धता.

कोलॉइड का झालं असेल? संशयित तीन. पहिला, कथील. परटेक्नेटेटचं क्षपण करायला टाकलेलं स्टॅनस कथील गरजेपेक्षा फार झालं किंवा त्याला धरून ठेवणारा टार्ट्रेट, ग्लुकोहेप्टोनेट असा सौम्य साथीदार कमी पडला, तर उदासीन पीएचला ते स्वतःच गढूळ होतं आणि टेक्नेशियमला सोबत ओढतं. दुसरा, फॅबवरचे मोकळे गंधकाचे हात. फॅब-प्राइममध्ये, म्हणजे असे मोकळे हात असलेल्या फॅबमध्ये, ते टेक्नेशियमला धरतात. पण कुपी उघडी राहिली, हवा लागली, की ते आपसात जुळून बंद होतात. मग क्षपण झालेल्या टेक्नेशियमला बसायला जागा नसते. तिसरा, फॅबचेच गोळे. जोरजोरात हलवलेल्या, फेस आलेल्या कुपीत प्रथिन गोळा होतं आणि तेही यकृतात जातं. ही तिसरी शक्यता दोन्ही स्ट्रिपवर निसटू शकते, तिच्यासाठी आकारानुसार वेगळं करणारा एचपीएलसी स्तंभ लागतो.

टेक्नेशियम ज्यातून काढता त्या जनरेटरकडेही पाहा. शेवटच्या दोहनानंतर (त्यातून द्रावण काढल्यानंतर) २४ तासांनी मिळालेल्या टेक्नेशियमपैकी किरणं देणारं ९९एम फक्त २८ टक्क्यांच्या आसपास असतं. ७२ तासांनी, म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी, ते आठ टक्क्यांवर येतं. उरलेलं टेक्नेशियम-९९ रसायन म्हणून अगदी तेच, पण मुकं. शिवाय जुन्या द्रावणात किरणांनी तयार झालेली पेरॉक्साइडं कथील खाऊन टाकतात. त्यामुळे सुट्टीनंतरचं पहिलं दोहन अँटिबॉडीसाठी वापरू नये. ते बाजूला ठेवावं आणि काही तासांनी पुन्हा दोहन करून ताजं द्रावण दोन तासांच्या आत वापरावं. कुपीत द्रावण टाकताना जेवढं टाकलं तेवढाच वायू सिरिंजमध्ये ओढून घ्यावा, बाहेरची हवा आत सोडू नये. फॅबची कुपी गरम करायची नाही, हे सांगायला नको.

पुढच्या वेळी चित्रच वाचून पाहा, ते शुद्धतेची चाचणी म्हणूनही वाचता येतं. थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर दिसले तर सुटं परटेक्नेटेट. यकृत-प्लीहा भडक तर कोलॉइड किंवा गोळे. मूत्रपिंड आणि मूत्राशय दिसले तर फॅबचा नेहमीचा रस्ता, चिंता नको.

प्रश्न: डीटीपीए लावलेल्या अँटिबॉडीवर इंडियम-१११ साठ टक्क्यांच्या वर बसतच नाही. (संशोधन सहायक)

उत्तर: बहुतेक वेळा धातू किंवा उरलेलं डीटीपीए. डीटीपीए हा धातूला धरून ठेवणारा रेणू, त्याचा पंजा इंडियम आणि लोह यांत भेद करत नाही. बफरमध्ये, काचेत, सुईत लोह असेल तर ते आधी जाऊन बसतं, कारण संख्येने ते हजारोपट असतं. भांडी आम्लाने धुवा किंवा सरळ प्लॅस्टिकची वापरा, बफर चेलेक्स रेझिनवरून काढा. आम्लातलं इंडियम क्लोराइड पोलादी सुईत ठेवून बोलत बसू नका, त्या मिनिटभरातही लोह उतरतं.

डीटीपीए अनहायड्राइड जोडून झाल्यावर जेल गाळणी स्तंभावरून सुटं डीटीपीए काढलंत का? ते राहिलं तर इंडियम त्यालाच पसंत करतं आणि रुग्णाच्या लघवीतून निघून जातं. अनहायड्राइडचं प्रमाणही तपासा. ते पाण्यात लगेच फुटतं म्हणून सढळ हाताने टाकण्याची सवय असते, पण एका फॅबवर एक-दोनपेक्षा जास्त पंजे बसले की अँटिबॉडीची पकड जाते. इंडियम चिकटण्याचा आकडा सुंदर येतो आणि गुठळी सापडत नाही.

इंडियम ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात येतं. ते आधी अॅसिटेट किंवा सायट्रेट बफरमध्ये मिसळा, पीएच साडेपाच ते सहा, मग अँटिबॉडी घाला, अर्धा तास साध्या तापमानाला ठेवा. हा क्रम मोडून आम्ल थेट फॉस्फेटने किंवा सोड्याने मारलंत तर इंडियम हायड्रॉक्साइड होऊन बसतं आणि मग कशालाच लागत नाही. शेवटी थोडं मोकळं डीटीपीए टाकून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग स्ट्रिप चालवा. अँटिबॉडीला सैलसर लागलेलं इंडियम सुटून वर जातं. ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा स्तंभावरून काढा.

आणि धरण्याची क्षमता वेगळी मोजा. प्लॅस्टिकच्या नळीत फायब्रिनचा थर तयार करा, त्यावर किंचित लेबल केलेली अँटिबॉडी घाला आणि थर वाढवत न्या. किती टक्के चिकटते ते काढा. शेजारी एक नळी फायब्रिनोजेन घालून, एक नळी बिनलेबलची भरपूर अँटिबॉडी घालून. या दोन नळ्यांशिवाय तो आकडा कुणाला दाखवू नये. माणसाला द्यायचं असेल तर ०.२२ मायक्रॉनची गाळणी, निर्जंतुकता आणि पूर्ण मात्रेत १७५ युनिटच्या आत एन्डोटॉक्सिन, यांत सवलत नाही.

प्रश्न: माझ्या सासूबाईंच्या पायाला सूज आहे. डॉक्टरांनी डॉपलर सांगितलं आहे. त्याऐवजी हा अँटिबॉडीचा स्कॅन करून घेतला तर जास्त खात्रीचं निदान होईल का? (एक वाचक)

उत्तर: नाही. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी आधी करा आणि आजच करा. शिरा दाबून पाहणारी सोनोग्राफी गुडघ्याच्या आणि मांडीच्या शिरांसाठी भरवशाची, झटपट आणि किरणांविना होते. फुफ्फुसाची शंका असेल तर सीटी अँजिओग्राफी किंवा व्हेंटिलेशन-परफ्यूजन स्कॅन आहे. अँटिबॉडीचा स्कॅन आज नेहमीच्या वापरात नाही, तो मुख्यतः संशोधनाचा विषय आहे. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर तपासणीच्या वेळेची वाट न पाहता त्यांना तातडीच्या विभागात न्या.

प्रश्न: मग एवढा खटाटोप कशासाठी? (तोच प्रश्न तिघांनी विचारला आहे)

उत्तर: सोनोग्राफीला शीर दबते की नाही, एवढंच कळतं. दबली नाही तर आत काहीतरी आहे. पण ते परवाचं की दोन वर्षांपूर्वीचं? एकदा डीव्हीटी (खोल शिरेतली गुठळी) होऊन गेलेल्या माणसाच्या शिरेत बऱ्याचदा जुना चट्टा राहतो. पाय पुन्हा सुजला की जुना चट्टा आणि नवी गुठळी वेगळी काढणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि त्या निर्णयावर महिनोन्‌महिने रक्त पातळ करणारी औषधं ठरतात. ओटीपोटातल्या शिरांपर्यंत तर सोनोग्राफीचा दाबच पोहोचत नाही. या दोन जागी गुठळीचं वय सांगणारी तपासणी हवी आहे. आमच्या मते या पद्धतीचं खरं काम तेच. ‘गुठळी आहे का’ या प्रश्नासाठी ती सोनोग्राफीशी स्पर्धा करायला गेली, म्हणून मागे पडली.

यापूर्वी आयोडीन-१२५ लावलेलं फायब्रिनोजेन टोचून पायांवर मोजणी करत असत. ते फक्त वाढत्या गुठळीत विणलं जाई. पोटरीत चांगलं चाले. मांडीच्या वर मोठ्या रक्तवाहिन्या आणि मूत्राशय आड येत. निकालाला तास-दिवस लागत, आणि मानवी रक्तातून काढलेलं म्हणून संसर्गाची भीती आली, त्यात ती पद्धत संपली.

प्रश्न: रुग्णाला चार दिवसांपासून हेपारिन चालू आहे. फायब्रिनविरोधी अँटिबॉडीच्या स्कॅनमध्ये काही दिसेल का? (फिजिशियन)

उत्तर: दिसेलच असं धरू नका. हेपारिन आधीच झालेली गुठळी विरघळवत नाही, नवं फायब्रिन बनणं थांबवतं. अँटिबॉडी मुख्यतः गुठळीच्या ताज्या, रक्ताला लागून असलेल्या थराला चिकटते. नवा थर येणं थांबलं आणि जुना थर विरघळायला, आकसायला लागला की पकडायला उघडी टोकं कमी उरतात. म्हणून उपचार सुरू झाल्यावरचा कोरा स्कॅन ‘गुठळी नाही’ असा वाचायचा नाही. ‘सध्या वाढत नाही’ एवढंच फार तर म्हणता येतं. शीर पूर्ण बुजलेली असेल तर अँटिबॉडी आत पोहोचतच नाही, गुठळीची फक्त दोन टोकं उजळतात आणि मधला भाग काळा राहतो. नवशिक्याला त्या दोन छोट्या गुठळ्या वाटतात.

प्रश्न: उजव्या गुडघ्याभोवती डाव्यापेक्षा जास्त उजेड आहे. गुठळी समजायची? (तंत्रज्ञ)

उत्तर: एका चित्रावरून नाही. दोन वेळची चित्रं हवीत, टोचल्यानंतर दहा मिनिटांनी आणि तीन-चार तासांनी. दोन्ही गुडघ्यांवर सारख्या आकाराच्या चौकटी आखा आणि उजव्या-डाव्याचं गुणोत्तर काढा. ते १.३ वरून १.८ वर गेलं तर काहीतरी अँटिबॉडीला धरून ठेवतंय. १.३ वरून १.१ वर आलं तर ते नुसतं जास्तीचं रक्त होतं, शिरांच्या गाठी किंवा सुजेमुळे आलेलं. दोन्ही पायांचा क्षय सारखाच होतो, म्हणून या गुणोत्तराला क्षयाची दुरुस्ती लागत नाही. एक डोकेदुखी कमी.

पण वाढतं गुणोत्तरही गुठळीचंच असतं असं नाही. फायब्रिन जखमेत असतं, रक्त साकळलेल्या जागी असतं, सुजलेल्या सांध्याच्या अस्तरात असतं, त्वचेखालच्या संसर्गात असतं. गुडघ्याचा संधिवात असलेल्या माणसात सांध्याभोवतीचा गोल उजेड पाहून शिरेला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिरेतली गुठळी शिरेच्या वाटेने, लांबट रेघेसारखी दिसते, आणि बाजूने चित्र घेतलं तर गुडघ्यामागे असते, पुढे नाही. बाजूचं चित्र घ्यायचा कंटाळा करू नका.

निम्म्या चुका मांडणीच्या असतात. पावलं एकमेकांना बांधून पाय सरळ ठेवा, नाहीतर एक पाय बाहेर वळतो आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदलतं. इंजेक्शन हाताच्या शिरेत द्या, संशयित पायात कधीच नाही. सुई टोचल्याच्या जागी ताजं फायब्रिन बनतं, तो हात चौकटीबाहेर ठेवा. ओटीपोटाचं चित्र घेण्याआधी लगेच लघवीला जायला सांगा, नाहीतर भरलेल्या मूत्राशयाआड दोन्ही बाजूंच्या इलियाक शिरा लपतात. टेक्नेशियमला कमी ऊर्जेचा, उच्च पृथक्करणाचा कॉलिमेटर आणि १४० वर २० टक्के खिडकी. इंडियमला मध्यम ऊर्जेचा, १७१ आणि २४५ या दोन्ही शिखरांवर खिडक्या. इंडियमला कमी ऊर्जेचा कॉलिमेटर लावला की किरणं पडद्यांतून आरपार येतात आणि सगळं चित्र धुकट होतं. उशिराच्या चित्राला जागेप्रति दहा मिनिटं द्या, पाच मिनिटांत उरकलं तर आकडे इतके विरळ येतात की गुणोत्तर आपोआप डोलतं.

प्रश्न: फायब्रिनऐवजी प्लेटलेटला का पकडत नाहीत? (विद्यार्थी)

उत्तर: पकडतात. इंडियम-ऑक्सिनने रुग्णाच्याच प्लेटलेट लेबल करण्याची पद्धत १९७६ पासून आहे, पण रक्त काढा, वेगळं करा, परत द्या, यात अर्धा दिवस जातो. अँटिबॉडींपैकी ‘७ई३’ प्लेटलेटवरच्या २बी/३ए ग्राहकाला धरते. ती गुठळीतल्याच नव्हे, रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेटलाही चिकटते, म्हणजे पुन्हा रक्ताचा उजेड. शिवाय मात्रा वाढली तर ती प्लेटलेटचं काम बंद पाडते. हाच गुण वापरून तिचं फॅब रूप अब्सिक्सिमॅब हे औषध झालं. ‘एस१२’ ही फक्त चेतवलेल्या प्लेटलेटवर येणाऱ्या पी-सिलेक्टिनला धरते, म्हणून शांत प्लेटलेट तिच्या नजरेतून सुटतात. अखेर अँटिबॉडीच्या आधी बाजी मारली ती छोट्या पेप्टाइडने: २बी/३ए ला धरणारं टेक्नेशियम-अपसिटाइड १९९८ मध्ये अमेरिकेत ताज्या डीव्हीटीसाठी मान्य झालं. पेप्टाइड रक्तातून इतकं लवकर जातं की पहिल्या तासातच चित्र मिळतं. तेही आता बाजारात नाही. फायब्रिनला धरणारं कॉपर-६४चं आणि प्लेटलेटला धरणारं फ्लोरिन-१८चं, अशी पेट कॅमेऱ्यासाठीची संयुगं माणसांमध्ये तपासली गेली आहेत.

प्रश्न: अशा एका अभ्यासात भाग घेतलेल्या रुग्णाचा टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) नंतर काहीच्या काही आला. थायरॉइडला किरणांचा त्रास झाला असेल का? (पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून)

उत्तर: आधी दुसरीकडे पाहा. उंदराची अँटिबॉडी टोचली की काही माणसांच्या रक्तात तिच्याविरुद्ध मानवी अँटिबॉडी तयार होतात, त्यांना ‘हामा’ म्हणतात. टीएसएच, ट्रोपोनिन, गर्भधारणेची बीटा-एचसीजी अशा बऱ्याच चाचण्या उंदराच्या दोन अँटिबॉडींमध्ये रेणू पकडून मोजतात. हामा त्या दोघींना थेट जोडते आणि रेणू नसतानाही आकडा चढतो. नमुना पातळ करून पुन्हा मोजा: खरा टीएसएच प्रमाणात उतरतो, हामाचा आकडा वेडावाकडा उतरतो. किंवा हामा शोषून घेणाऱ्या नळीतून नमुना काढून मोजा, किंवा वेगळ्या प्राण्याच्या अँटिबॉडीवर चालणाऱ्या किटवर पडताळा. तोवर थायरॉइडचं औषध बदलू देऊ नका. रुग्णाच्या कागदांवर कोणती अँटिबॉडी, कोणत्या तारखेला, आयजीजी की फॅब, उंदराची की मानवीकृत, हे लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी तीच अँटिबॉडी टोचली तर हामा तिला रक्तातच पकडून यकृतात नेईल, आणि चित्र पुन्हा कोरं येईल.